एक्सएलवाय ईटीएफ: नाव ग्राहकांचं, वजन ॲमेझॉन-टेस्लाचं

अमेरिकी माणूस हौसेमौजेवर कुठे खर्च करतो, त्यावर पैसा लावायचा म्हटलं की पहिलं नाव सुचवलं जातं ते एक्सएलवाय या अमेरिकी फंडाचं. हा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात विकत मिळणारा फंड, डिसेंबर १९९८ पासून चालू आहे. खर्च वर्षाला ०.१० टक्क्याच्या आत आणि उलाढाल भरपूर, त्यामुळे खरेदी-विक्रीच्या भावांतलं अंतर नगण्य. इथवर तक्रारीला जागाच नाही.

गडबड पोटात आहे. एस अँड पी ५०० या अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या निर्देशांकातल्या हौसेमौजेच्या (कन्झ्युमर डिस्क्रिशनरी) क्षेत्रातल्या कंपन्या बाजारमूल्याच्या प्रमाणात घेतल्यामुळे ॲमेझॉन आणि टेस्ला मिळून एक तृतीयांशाहून जास्त जागा अडवतात. त्यात ॲमेझॉनच्या २०२४ च्या परिचालन नफ्यातला निम्म्याहून मोठा वाटा क्लाउड सेवेचा. चिपोटलेच्या रेस्टॉरंटांतली गर्दी ओसरली काय, नाइकीचे बूट पडून राहिले काय, युनिटच्या भावाला फारसं जाणवत नाही.

शिवाय ग्राहकांची नवी आवड इथे पोहोचते ती उशिरा. निर्देशांकात शिरायला ताजी तिमाही आणि मागच्या चार तिमाहींची बेरीज, दोन्ही नफ्यात लागतात. बियॉन्ड मीट या चाळणीत अडकली (खाद्य कंपनी म्हणून ती एक्सएलवायच्या क्षेत्रात तशीही मोडत नव्हती), हे एस अँड पी ५०० वाल्यांसाठी बरंच झालं: मे २०१९ मध्ये २५ डॉलरला विकलेला शेअर जुलैत सव्वादोनशेपार गेला आणि वनस्पतीजन्य मांसाचं अप्रूप सरल्यावर पार कोसळला. पण योगाचे कपडे विकणारी लुलुलेमन आत आली ती थेट ऑक्टोबर २०२३ मध्ये. डिसेंबरात शेअर ५०० डॉलरच्या वर होता. २०२४ मध्ये अमेरिकेतली मागणी मंदावली, अलो आणि व्हुओरी या प्रतिस्पर्धी कंपन्या गिऱ्हाईक ओढू लागल्या आणि भाव घसरला. चढणीचा मोठा भाग ईटीएफवाल्यांच्या हाती लागलाच नाही, उतार मात्र पुरेपूर मिळाला. लबुबू बाहुल्या विकणारी, हाँगकाँगच्या शेअर बाजारात नोंदलेली चिनी पॉप मार्ट किंवा पॅरिसची एलव्हीएमएच तर यात येतच नाहीत.

भारतातून पैसे पाठवताना एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (आगाऊ वसूल होणारा कर) कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. लाभांशातून अमेरिकेत २५ टक्के कर जातो, आपण अमेरिकेचे करदाते नाही हे सांगणारा डब्ल्यू-८बेन फॉर्म भरला नसेल तर ३० टक्के. आयटीआरमधल्या शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात माहिती जानेवारी ते डिसेंबरची द्यायची असते. लोक सवयीने एप्रिल-मार्चचे आकडे टाकतात आणि मग नोटीस येते.

ग्राहकांच्या आवडीचाच कौल हवा असेल तर याच क्षेत्राचा दुसरा ईटीएफ, आरएसपीडी, अधिक चोख. त्यात सगळ्या कंपन्यांना समान वजन असतं आणि दर तिमाहीला ते पुन्हा सारखं केलं जातं. खर्च ०.४० टक्के, उलाढाल कमी, म्हणून आपला भाव ठरवून देणारी लिमिट ऑर्डरच टाकावी.