दोन दिवसांचं मल्टिक्रायटेरिया वर्कशॉप: पैसे अर्धे वसूल (साडेतीन स्टार)

शहरी वाहतुकीचे प्रकल्प 'सस्टेनेबल' आहेत का हे एकापेक्षा जास्त निकष (म्हणजेच मल्टिक्रायटेरिया) एकत्र तोलून कसं ठरवायचं, यावर पुण्यातल्या एका संस्थेनं शनिवार-रविवार वर्कशॉप ठेवलं होतं. संस्थेचं नाव देत नाही, उगाच वाद नको. फी साडेतीन हजार, जेवणासकट. मसालेभात चांगला होता.

पहिली सकाळ खरंच भारी गेली. सर म्हणाले, मेट्रोच्या २०१७ च्या धोरणात आर्थिक परताव्याचा दर १४ टक्के तरी हवा असं आहे, पण फुटपाथवरून चालणाऱ्या आजीला काय वाटतं ते त्या आकड्यात कसं बसवणार? म्हणून मग निकष वेगवेगळे ठेवायचे आणि त्यांना वजनं द्यायची. स्थळ बघताना पगार, घर, स्वभाव असं सगळं एकत्र तोलतो ना, तसंच, फक्त इथे लिहून काढायचं. कार्बन, इंधन आणि प्रदूषण असे तीन निकष धरले तर एकच गोष्ट तीनदा मोजली जाते हेही तिथेच कळलं, मी आजवर रिपोर्टमधे बिनधास्त तिन्ही टाकत होतो.

मग एएचपी (ॲनालिटिक हायरार्की प्रोसेस), म्हणजे निकषांची वजनं काढायची रीत. साटी नावाच्या गणितज्ञानं १९७० च्या दशकात काढलेली पद्धत, दोन-दोन निकष समोरासमोर ठेवून १ ते ९ मधे मार्क द्यायचे (१ म्हणजे दोन्ही सारखे, ९ म्हणजे एक फारच महत्त्वाचा). एक्सरसाइज होता स्वारगेट-कात्रज: आहे ती बीआरटी (बससाठी वेगळी लेन) नीट करायची, भुयारी मेट्रो करायची की नुसत्या बस वाढवायच्या (२००६ मधे बीआरटी सुरू झाली ती याच रस्त्यावर आणि मेट्रोला २०२४ मधे केंद्राची मंजुरीही मिळाली, म्हणजे आम्ही वरातीमागून घोडं, असो). मी खर्चाला प्रदूषणापेक्षा ३ दिले, प्रदूषणाला वेळेपेक्षा ३, आणि खर्चाला वेळेपेक्षा २. सरांनी एक्सेल फिरवलं, कन्सिस्टन्सी रेशो (आपलेच मार्क एकमेकांशी किती विसंगत ते सांगणारा आकडा) ०.२२. चालतो ०.१० पर्यंत. तीन त्रिक नऊ व्हायला हवं तिथे तुम्ही दोनच देताय, म्हणाले. दोनाचे पाच केले तर रेशो ०.०३, पास. पण वजनं बघितली तर खर्चाला ६४ टक्के, प्रदूषणाला २६ आणि वेळेला फक्त १०! शेजारच्या ताई रोज कात्रजहून बसनं येतात, त्यांनी वेळेला सगळ्यात वर ठेवलं होतं आणि त्यांचा रेशोसुद्धा पास. माझी बस पहिली आली, त्यांची मेट्रो. गणित दोघांचंही बरोबर, मग वजनं नेमकी कोणी द्यायची, इंजिनिअरनं, नगरसेवकानं की ताईंनी, हाच तर खरा प्रश्न ना?

आणि तो प्रश्न तसाच राहिला. रविवारी टॉप्सिस जरा नीट झालं, म्हणजे एक कल्पनेतला सगळ्यात चांगला पर्याय आणि एक सगळ्यात वाईट धरायचा, मग आपला पर्याय पहिल्याच्या किती जवळ आणि दुसऱ्यापासून किती लांब ते मोजायचं. जेवणानंतर मात्र इलेक्ट्र आणि प्रोमेथी (पर्यायांची जोडीजोडीनं तुलना करायच्या आणखी दोन पद्धती) दोन्ही चाळीस मिनिटांत उरकले, स्लाइड नुसत्या पळत होत्या. मी विचारलं की मधेच एक फालतू पर्याय घातला तर आधीच्या दोघांचा नंबर उलटा होतो म्हणतात, त्याचं काय करायचं? उत्तर आलं, "ते ॲडव्हान्स बॅचला." ॲडव्हान्स बॅचची फी सात हजार. आणि वजनं थोडी हलवून निकाल टिकतो का ते बघायचं सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस एका स्लाइडवर संपलं. अहो, माझ्या मते निम्मा वेळ त्यालाच द्यायला हवा होता.

झेरॉक्स नोट्स फिकट आहेत, चष्मा न्या. दिलेल्या एक्सेल फाइलमधले मॅक्रो ऑफिसच्या लॅपटॉपवर ब्लॉक होतात, घरचा लॅपटॉप न्या. गाडी लावायला जागा नाही, बसस्टॉपपासून पंधरा मिनिटं चालत, आणि मधे फुटपाथ नाही.