वर्गातली पेटी, ग्रंथालयाची तासिका की वाचनाची नोंदवही?

जूनमधल्या पहिल्या पालकसभेत प्रश्न येतोच: "बाई, हा अभ्यासाचं सोडून काही वाचतच नाही, काय करू?" पाचवी-सहावीच्या वर्गांवर मी तिन्ही मार्ग करून पाहिले आहेत. तुमच्या शाळेला यंदा एकच जमणार असेल, तर वर्गात पुस्तकांची पेटी ठेवा.

ग्रंथालयाची तासिका आठवड्यातून एकदा, ३५ मिनिटांची. रांगेत खाली जायचं, कपाट उघडायचं, रजिस्टरमध्ये नोंद करायची, परत यायचं. वाचायला १५ मिनिटं उरली तर खूप. पण पुस्तकांची विविधता इथेच मिळते. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला दुसरा 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक'. मुलं ओळखणारे ग्रंथपाल असले की तो नियम डोळ्यांसमोर घडताना दिसतो. तुमच्याकडे तसे कुणी असतील, तर ही तासिका कुठल्याही विषयाला देऊन टाकू नका.

पेटीत ५०-६० पुस्तकं, कुलूप नाही. प्रार्थनेनंतर रोज १५ मिनिटं सगळ्यांनी वाचायचं, बाईंनीसुद्धा. पाच दिवसांचे ७५ मिनिटं होतात. त्या वेळात वह्या तपासल्यात, तर आठवड्याभरात मुलंही गृहपाठ काढून बसतात. गेल्या वर्षी एक मुलगा तीन आठवडे नुसती चित्रं पाहत होता. मी काही बोलले नाही. मग एके दिवशी मगरीच्या गोष्टीवर बोट ठेवून, ओठ हलवत तो वाचू लागला आणि घंटा होताच पुस्तक हळूच दप्तरात सरकवलं. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

पुस्तक झेपेल का, हे मुलांना स्वतःला ठरवता येतं. कुठलंही पान उघडायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाचही मिटली तर ते पुस्तक सध्या ठेवून द्यायचं.

पेटीचा तोटा म्हणजे दोन महिन्यांत तीच पुस्तकं शिळी होतात. शेजारच्या तुकडीशी पेटी बदला. भर घालायला पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत जाताना दोन-तीन मुलांना पालकांसह सोबत न्या, निवड त्यांना करू द्या. खर्च झेपत नसेल तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, छापूनही घेता येतात. फोनवर मात्र देऊ नका. गोष्ट अर्धी राहते आणि व्हिडिओ सुरू होतो.

नोंदवही आणि बक्षिसाबद्दल थोडक्यात. एका शाळेत महिन्याला दहा पुस्तकांवर पदक होतं. एका हुशार मुलीच्या वहीत दहा सुबक सारांश होते, सगळे मलपृष्ठावरून उतरवलेले. तिचा दोष नव्हता. आम्ही आकडा मागितला, तिने आकडा दिला. पदकं बंद झाली तेव्हा वाचनही थांबलं.

मुख्याध्यापकांना नोंद हवीच असेल, तर पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा: नाव, पुस्तक, तारीख. अभिप्रायाचा रकाना ठेवू नका.