आर्वीकडची उघड्या टपाची मॉरिस मायनर: चालवणाऱ्यानंच घ्यावी

ही जुनी मॉरिस मायनर घ्यावी का, असं विचारणारे बरेच आहेत, म्हणून आधीच सांगतो: गाडी घेण्यासारखी आहे. मात्र जो ती चालवणार आहे त्यानंच घ्यावी. वरातीला भाड्यानं द्यायची किंवा बंगल्यासमोर झाकून ठेवायची असेल, तर त्यानं या गाडीच्या वाटेला जाऊ नये.

१९५५ ची मॉरिस मायनर कन्व्हर्टिबल. दोन दारं, कापडी टप, रंग फिकट हिरवा. आर्वीपासून आत एका गावात जुन्या मालगुजारी वाड्यात, बैलांच्या कोठ्याशेजारी उभी असते. ती घेतली तेव्हा वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता. नोंदणीचं पुस्तक तेव्हापासूनचं आहे आणि त्यावरचे शिक्के अजून वाचता येतात. मालकांना गाव बापू म्हणतं. सत्तरी उलटलीय, नातू पुण्यात, मागं सांभाळणारं कोणी नाही, म्हणून विकतात. किंमत साडेसहा लाख सांगतात.

माझं गॅरेज आहे. फियाट, जीप, अ‍ॅम्बेसेडर यांच्यात उमर गेली. त्यामुळे रंग नंतर पाहिला, आधी गोणपाट टाकून गाडीखाली शिरलो.

मायनर अ‍ॅलेक इसिगोनिस या ब्रिटिश अभियंत्यानं आखली, १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांनी पाहिली. पुढं मिनी ही छोटी गाडीही याच माणसानं केली. युद्धानंतरच्या टंचाईतली, सामान्य माणसासाठीची गाडी, तरी स्टिअरिंग रॅक-पिनियनचं (दातेरी दांडी आणि चक्राचं) आणि पुढच्या चाकांना पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी. ज्यांनी जुनी अ‍ॅम्बेसेडर खोलली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. अ‍ॅम्बेसेडरही मॉरिसच्याच गाडीवरून आलेली, घराणं एकच आहे.

या गाडीचा जीव ट्रनियनमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरून ठेवणाऱ्या आटेदार सांध्यात असतो. चाक ज्या उभ्या दांड्यावर वळतं त्या किंगपिनच्या टोकांना आटे असतात आणि चाक वळतं तेव्हा ते ट्रनियनच्या आट्यांत फिरतात. ग्रीस वेळच्या वेळी गेलं नाही की आटे खातात, आणि मग एखाद्या वळणावर चाक निसटून आडवं होतं, गाडीचा कोपरा रस्त्यावर बसतो. मी दोन्ही बाजूंना जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं. डावं घट्ट. उजव्याला बारीकसा खटका आहे, आज धोका नाही, पण वर्षभरात काम निघेल. ग्रीस भरायच्या निप्पलवरची माती बोटानं पुसली तर आतून ताजं, पिवळं ग्रीस बाहेर आलं. तिथंच माझं मन या गाडीवर बसलं. बापू वरून म्हणाले, "ग्रीसगन मी कोणाच्या हाती देत नाई भाऊ. दर म्हैन्याले काढतो तिले भाईर. उभी ठेवली तं मरते गाडी."

आता वाईट भाग. टप कापडाचा असल्यामुळे सगळी ताकद फरशीत आणि दाराखालच्या पट्ट्यांत असते. तिथं गंज शिरला की गाडी मधून वाकते आणि दारं अडकायला लागतात. इथं दारांची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे. जॅकवर असतानाही दोन्ही दारं बोटानं उघडली. पण मागच्या डाव्या पाट्याचा पुढचा हँगर ज्या पत्र्याला बसतो, तिथं स्क्रू-ड्रायव्हर टोचला आणि तो आत गेला. आधी कोणी तरी तिथं ठिगळ मारून वरून डांबर फासलंय. आपली काळी माती एकदा अशा सांध्यात भरली की दिवाळीपर्यंत ओली राहते आणि आतून पत्रा खाते. सडका भाग कापून नवा पत्रा वेल्डिंग करावा लागेल. फायबर लावून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी नेऊ नका.

चालवली. चोक ओढला, डॅशवरची सेल्फची मूठ ओढली, दुसऱ्या झटक्यात सुरू. ८०३ सीसीचं मूळचं इंजिन, अवघी ३० हॉर्सपॉवर. निळा धूर नाही, म्हणजे ऑइल जळत नाही; टॅपेटचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा) टकटक आवाज आहे तो तर असणारच. पांदणीतून डांबरी रस्त्याला लागलो. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी सोय) नाही, गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकावा. ताशी साठ किलोमीटरला ती खुशीत असते (स्पीडोमीटर डॅशच्या मधोमध आणि मैलांत आहे). उतारावर पाय काढला की सायलेन्सरमधून जी फुरफुर येते ती ऐकायला माणसं गाडी घेतात, आणि मला ते पटतं. टप खाली, दोन्ही बाजूंना तुरीच्या शेंगा भरलेल्या, स्टिअरिंग इतकं हलकं आणि नेमकं की खड्डा चुकवायला मनगट पुरतं. समृद्धी महामार्ग हिच्यासाठी नाही, तिकडे नेऊ नका.

ब्रेकचं पेडल खोल जातं. ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चेसिसच्या पोटात बसवलेला आहे, त्याला हात घालणं म्हणजे दिवस गेला. नवे रबर टाकल्याशिवाय गाडी लांब काढू नये. दिशा दाखवायला दाराच्या मागून नारिंगी दांडी बाहेर येते. डावी येते, उजवी अडकते. दुरुस्त झाली तरी मागच्या ट्रकवाल्याला ती काय हे कळत नाही, हात बाहेर काढायची सवय ठेवा.

टपाचं कापड मूळचं नाही, गावातच ताडपत्रीतून शिवून घेतलंय. शिलाई पक्की, पण मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी पडून तडकली आहे. सांगाडा शाबूत आहे, ते महत्त्वाचं.

पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या एसयू पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या जुन्या असतील तर ते त्यांना सोडत नाही. गाडी घेताच त्या बदला. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा हिला पहाटेच काढावी, दुपारी पेट्रोलची वाफ नळीत अडते.

कागदांबाबत नीट विचार करा. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी आणि 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण मग ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. बापूंनी जुनी नोंदणी वेळोवेळी नूतनीकरण करून चालू ठेवली आहे. ज्याला आठवडी बाजाराला गाडी न्यायची आहे त्यानं तीच ठेवावी.

माझ्या हिशेबानं हँगर, ब्रेक, टप आणि उजवा ट्रनियन यांचा खर्च वजा करून साडेपाचच्या आसपास बोलणी व्हावी. बापू घासाघीस ऐकून घेतात, पण रंग काढून नवा मारणार म्हणालात तर बोलणं तिथंच थांबवतात. सकाळी लवकर जा, इंजिन थंड असताना, आणि सुरू करायला त्यांनाच सांगा.