ब्युरोची मावशी आठव्या दिवशी गावाला जाते तेव्हा

वडील उद्या हॉस्पिटलमधून घरी येणार, मुलगा बंगळुरूला, मुलगी न्यू जर्सीत, आणि पुण्यातल्या घरी आजच्या आज माणूस हवा. फसवणूक होते ती या घाईत. घरी आजाऱ्याची देखभाल करायला बाई (मावशी) पुरवणारा ब्युरो नोंदणी फी आणि महिन्याचा पगार आगाऊ मागतो आणि दूर असलेली मुलं फोनवरून लगेच भरून टाकतात. मावशी येते, आठ-दहा दिवस नीट काम करते आणि 'गावाला मयत झालंय' म्हणून निघून जाते. बदली चार दिवसांनी येते, एक दिवस थांबते, तीही जाते. पैसे परत मागितले की पावतीमागचा बारीक मजकूर पुढे येतो: डिपॉझिट परत मिळणार नाही. तोवर पहिली मावशी नव्या नोंदणी फीवर दुसऱ्या घरी लागलेली असते. पुष्कळदा तिचीही पिळवणूकच चाललेली असते. म्हणून पहिल्याच दिवशी तिला विचारावं, तुमच्या हातात किती पडतात? घरून समजा 24,000 जातात आणि तिला त्यातले जेमतेम निम्मे मिळतात, तर ती टिकणार नाही.

पैसे आठवड्याच्या शेवटी, झालेल्या दिवसांचेच द्यावेत. बदली 48 तासांत मिळेल, नाहीतर उरलेल्या दिवसांचे पैसे परत, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्यावं. क्यूआर स्कॅन केल्यावर ब्युरोऐवजी एखाद्या माणसाचं नाव दिसलं तर तिथेच थांबावं. मावशीच्या आधार कार्डाची झेरॉक्स आणि फोटो जवळच्या पोलीस ठाण्यात देऊन पडताळणी करून घ्यावी. ब्युरोच्या 'आम्ही केलंय' या शब्दावर राहू नये.

दुसरी गळती औषधांची, आणि ती महिनोन् महिने कळत नाही. औषधं आणली जातात, बिलाचा फोटो मुलाला जातो, पैसे येतात आणि संध्याकाळी निम्म्या स्ट्रिपा दुकानात परत जातात. बिल खरंच असतं, म्हणून संशय येत नाही. उपाय सोपा आहे. बिलावर प्रत्येक औषधाचा बॅच नंबर असतो. दुसऱ्या दिवशी स्ट्रिपांच्या मागच्या बाजूचे फोटो मागवून तो जुळवावा. आईंना जमत असेल तर त्यांनी प्रत्येक स्ट्रिपवर मार्करने नाव लिहावं; तशी स्ट्रिप दुकानदार परत घेत नाही. डायपरचंही तसंच. दिवसाला 3 लागत असतील तर महिन्याला 90, म्हणजे दहाची 9 पाकिटं. बिलात 14 दिसली तर विचारायलाच हवं.

सगळ्यात गंभीर गोष्ट झोपेच्या गोळीची. रात्री उठावं लागू नये म्हणून ठरलेल्यापेक्षा जास्त गोळी दिली जाते. म्हातारं माणूस दिवसभर गुंगीत राहतं, तोल जाऊन पडतं, आणि लांबून वाटतं की वयच झालं. ही स्ट्रिप कुलपात ठेवून दर रविवारी व्हिडिओ कॉलवर गोळ्या मोजाव्यात. हिशेब चुकला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. दोन शिफ्टचे पैसे जात असतील तर रात्रीही फोन करून बघावा की दुसरं माणूस खरंच आहे का. पुण्यात रात्रीचे 2 वाजतात तेव्हा न्यू जर्सीत दुपार असते, म्हणजे परदेशातल्या लेकीला हे बंगळुरूच्या भावापेक्षा सोपं पडतं.

आईंचं एटीएम कार्ड आणि यूपीआय पिन मावशीकडे कधीच नको. भाजीपाल्यासाठी आठवड्याची रोख रक्कम शेजारच्या काकूंकडे ठेवलेली बरी.

पैसे अडकलेच तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने भागलं नाही तर ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही दाद मागता येते. म्हणजे पैसे भरणाऱ्या मुलाला बंगळुरूहून पुण्याला खेपा घालायची गरज नाही. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार करायची मुदत 2 वर्षांची आहे. खात्यातून परस्पर पैसे गेले असतील तर मात्र आधी 1930 हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर लावावा आणि बँकेला कळवावं, त्यात तासाभराचाही उशीर नको.