गळ, गळा आणि गळती : हिवाळी किंग सामनसाठी घेतलेला ड्रायसूट, पाच महिन्यांनंतर

ड्रायसूट म्हणजे पाणी आत येऊ न देणारा अंगभर पोशाख. या सूटला मी डिसेंबरात पाचपैकी पाच तारे दिले होते. जानेवारीत एक. आता साडेतीनवर आलोय. मधल्या काळात सूट बदलला नाही, माझं डोकं बदललं. कसं, ते पुढे कळेल.

तीन थरांचं कापड, छातीवरून तिरकी चेन, पायाला शिवलेले मोजे, गळ्याला आणि मनगटांना लेटेक्सच्या पट्ट्या, ही माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. मला ६२० डॉलरला पडला, कारण रंग मागच्या हंगामातला होता. रंग मोहरीचा. बायको म्हणते, हळद लागलेला नवरदेव पाण्यात चाललाय. याच सूटचा आणखी एक प्रकार होता, त्यात लघवीसाठी खाली वेगळी चेन होती आणि तो १५० डॉलरने महाग होता. मी १५० डॉलर वाचवले. सकाळी चहा घेऊन सहा अंश थंडीत चार तास पेडल मारल्यावर त्या १५० डॉलरची आठवण कशी येते ते लिहिण्यासारखं नाही. तुम्ही घेत असाल तर चेनवाला घ्या, आणि त्यात काटकसर करू नका. विषय संपला.

वापर कुठे झाला ते सांगतो, नाहीतर तळ्यात वापरणारे लोक म्हणतात आमचा तर उत्तम चालला. मी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, टॅकोमाच्या टिटलो बीचवरून कायाक (पायाने पेडल मारत चालवायची अरुंद होडी) लोटतो, नॅरोज या सामुद्रधुनीवरच्या जोडपुलांच्या जरा दक्षिणेला. पूल आता दोन आहेत, १९५० चा आणि २००७ चा. त्याआधीचा पहिला ७ नोव्हेंबर १९४० ला वाऱ्यात डोलत डोलत पडला, त्याचे अवशेष अजून तळाशी आहेत आणि त्यांत भलेमोठे ऑक्टोपस राहतात. मोठ्या भरती-सुकतीला इथलं पाणी चार नॉटच्या वर पळतं. माझे पाय रेटून तीन नॉट काढतात. आमचे आजोबा अलिबागला तिथीवरून उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) सांगायचे. इथे मी तक्ता बघतो, पण हिशेब तोच. भांगाचे दिवस धरायचे आणि पाणी उभं राहण्याच्या, म्हणजे भरती-ओहोटी बदलताना ओढ थांबते त्याच्या, आगेमागे गळ टाकून घ्यायचा. पाणी पळायला लागलं की काठ धरायचा, हुशारी दाखवायची नाही.

मासा म्हणजे ब्लॅकमाउथ. जातीने किंग सामनच (त्यालाच चिनूक म्हणतात), पण उघड्या महासागरात न जाता प्युजेट साउंड या आतल्या खाडीतच राहून वाढणारा आणि अजून वयात न आलेला. हिरड्या काळ्या, म्हणून हे नाव. उन्हाळ्यातला किंग नदीच्या वाटेला लागलेला असतो. हा पठ्ठ्या हिवाळाभर तळाजवळ हेरिंग आणि सँडलान्स हे छोटे मासे खात हिंडतो, म्हणून चवीला जास्त चरबीदार. त्याला गाठायला शंभर-सव्वाशे फुटांवर, तळापासून चार-पाच फूट वर, गळ ओढत राहावं लागतं. माझ्याकडे हाताने फिरवायचा छोटा डाउनरिगर आहे, म्हणजे गळ खोल नेणारं रहाट, त्याला सहा पौंडांचा गोळा. पुढे फ्लॅशर, म्हणजे मासा खेचणारी चकाकती पट्टी, त्यामागे चमच्यासारखं हिरवट धातूचं आमिष. पाय पेडलवर, एक हात डाउनरिगरच्या हँडलवर, डोळे फिशफाइंडरवर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या पडद्यावर. अलिबागला गरवायला बसायचो तेव्हा एक गरी, एक दोरा, कोळंबीचा तुकडा आणि अंगात बनियन, एवढ्यावर भागायचं.

बनियनवर भागायचं कारण तिथलं पाणी कोमट असतं. इथे हिवाळ्यात ते आठ-नऊ अंश असतं. गार पाण्यात पडलेल्या माणसासाठी इकडे १-१०-१ चा नियम शिकवतात. श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. लाइफ जॅकेटशिवाय तर त्या तासापर्यंत पोचतच नाही माणूस. म्हणून ड्रायसूट. तो ऊब देत नाही, फक्त कोरडं ठेवतो. ऊब आतल्या लोकरीची. आत सुती काही घातलंत तर घामाने भिजून कुडकुडाल आणि दोष सूटला द्याल.

आता गळ्याची पट्टी. मला खरं तर एवढ्याचसाठी लिहायचंय.

ही पट्टी म्हणजे शंकूसारखं पातळ रबर. नवीन असते तेव्हा इतकी घट्ट की पी.टी.च्या मास्तरांनी कॉलर धरून उभं केल्यासारखं वाटतं. तिच्यावर गोल रेघा असतात, एकेक रेघ कात्रीने कापत आपल्या मापाला आणायची. एक रेघ जास्त कापली की पाणी आत, कमी कापली की डोळे बाहेर. मी दोन रेघा कापल्या. कात्री बायकोची शिवणकामाची होती, हे तिला इथे वाचून कळेल. पहिले तीन आठवडे दर वेळी घालताना वाटायचं की आता गेलो. डोकं आत घालायचं, कान दुमडून अडकतात, नाक पट्टीत, अंधार, आणि आपण पार्किंगमध्ये लोकांसमोर मोहरीच्या रंगात हात हवेत करून उभे. गळ्याच्या पट्टीबद्दल कुणी काही लिहीत नाही. सगळे कापडाचे थर मोजत बसतात.

पण पहिल्या दिवशी छातीभर पाण्यात उतरलो, खाली बसलो, गळ्याची पट्टी बोटाने जराशी उचलून आतली हवा सोडली, आणि सूट अंगाला लपेटला. चारी बाजूंनी पाणी दाबतंय, पण लागत नाही. ते पाच तारे त्या क्षणाचे होते.

तिसऱ्या फेरीला पहिला मासा, २६ इंच, पाठीवरचा छोटा मांसल पर कापलेला. म्हणजे हॅचरीचा, माणसाने पैदास केंद्रात वाढवलेला, म्हणजे ठेवता येतो. आमच्याकडे किमान माप २२ इंच, गरीला काटेरी खाच नको, आणि पर शाबूत असेल तर तो वाइल्ड, त्याला सोडायचं. प्युजेट साउंडचा चिनूक १९९९ पासून संकटग्रस्त यादीत आहे, त्यामुळे याबाबत कुणी हसत नाही. वाइल्ड मासा होडीत घ्यायलाही बंदी आहे, पाण्यातच गरी सोडवायची. मोठ्या बोटीवाल्याला हे सोपं असेल. कायाकवर बसून आठ पौंडांचा मासा मांडीशेजारी पाण्यात धरायचा, त्याची शेपटी तोंडावर पाणी उडवतेय, तुम्ही एका बाजूला झुकलेले, आणि पर आहे की नाही ते बघताय. अशा वेळी माणूस उलटतो. म्हणजे गळ्याची पट्टी कामाला येते ती नेमकी इथे.

मी उलटलो तो मात्र असा शूर प्रसंगी नाही. जानेवारीच्या मध्यावर मासा न मिळता परत येत होतो. हिवाळ्यात इथे मोठी ओहोटी रात्री येते, दिवसा पाणी चढलेलं, त्यामुळे उतरायला किनारा अरुंद. मागून एका टगबोटीची लाट आली, कायाक आडवा झाला आणि मी कमरेएवढ्या पाण्यात पाठीवर पडलो. आणि गळ्यातून बर्फासारखं पाणी थेट पाठीच्या कण्यावरून खाली. उभा राहिलो तर मोजे पखालीसारखे फुगलेले. पाणी कमरेएवढं होतं म्हणून आज हे लिहितोय. दोनशे यार्ड आत असतो तर दुसऱ्या कुणालातरी लिहावं लागलं असतं.

गाडीत हीटर पूर्ण लावून बघितलं तर पट्टी मानेमागे दोन बोटं फाटलेली. बाकीची हाताला चिकट लागत होती, चघळून थुंकलेल्या च्युइंगमसारखी, आणि ताणली तर परत येत नव्हती. खरं सांगायचं तर चिकटपणा मला दोन आठवड्यांपूर्वीच जाणवला होता. पण पाणी उभं राहायची वेळ ८:४० ची होती आणि मला उशीर होत होता. अडीच महिन्यांत असं रबर? मी घरी येऊन एक तारा दिला आणि दुकानाला चार परिच्छेदांची मेल लिहिली. फोटो सहा.

उत्तर आलं की लेटेक्सच्या पट्ट्या झिजणारा भाग आहेत, वॉरंटीत बसत नाहीत. बदलून हव्या असतील तर ११० डॉलर, पाठवण्याचा खर्च वेगळा, सहा आठवडे लागतील. सहा आठवडे म्हणजे माझ्या हंगामाचा मोठा तुकडा. मी लिहिलं, टायर झिजतो हे मला मान्य आहे, पण तो विरघळत नाही. मग दुकानातल्याच दुसऱ्या एका बाईंची मेल आली, फार सभ्य. सनस्क्रीन लावता का? कीटकांसाठीचा फवारा? केसांना काही? मी लिहिलं, बाई, मी जानेवारीत सिॲटलजवळ मासे धरतो. ऊन नाही, डास नाहीत, आणि केसांना मी काहीही लावत नाही. हे मी मनापासून लिहिलं होतं.

पुढच्या शनिवारी रात्री आठला आईचा व्हिडिओ कॉल. तिच्याकडे रविवारची सकाळ.

"काय रे, डोकं बघ कसं झालंय, चिमणीचं घरटं. त्या हीटरने कोरडं पडतं. तेल लावलंस का आज?"

"लावलं गं आई. दर शनिवारी लावतो, तू सांगितल्यापासून."

हे म्हणालो आणि बोलताना हात आपोआप मानेमागे गेला. नेमका पट्टी फाटली होती तिथे.

तेलाने नैसर्गिक रबर फुगतं, मऊ होतं, चिकट होतं आणि मग फाटतं. सूटसोबतच्या ३२ पानी पुस्तिकेत हे लिहिलेलंही आहे, पान २१, तळाला, तेल आणि तेलकट पदार्थ टाळा. मी तेलकट पदार्थ म्हणजे इंजिनचं तेल समजलो होतो. दर शनिवारी रात्री वाटीभर खोबरेल चोपडायचं आणि रविवारी पहाटे तेच डोकं त्या पट्टीतून ओढून काढायचं, असं मी दहा आठवडे केलं. नवऱ्याच्या उशीच्या अभ्र्यावर पिवळा डाग दर आठवड्याला बघणाऱ्या बायकोला हे विचारलं असतं तर तिने पहिल्या महिन्यातच सांगितलं असतं.

त्या बाईंना मी माफीची मेल लिहिली. खोबरेल म्हणजे काय, आई म्हणजे काय, सगळं. त्यांनी हसऱ्या चेहऱ्यासकट उत्तर दिलं, पण सवलत शून्य. माझी तक्रार पूर्ण संपलेली नाही. ज्या एका भागावर जीव टांगलेला आहे त्याची काळजी पान २१ च्या तळाला का? पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात, केसांचं तेल असं लिहा. डोक्याला तेल लावणारी माणसं जगात कमी नाहीत. अर्धा तारा याचाच कापलाय. चेनचा, म्हणजे माझ्या काटकसरीचा, त्यांच्या नावावर टाकत नाही. उरलेला एक, सहा आठवड्यांचा.

११० डॉलर मी दिले नाहीत. पट्टी आणि गोंद मिळून ५२ डॉलर लागले. जुनी पट्टी सोलायची, कडा खरवडून साफ करायची, आत काहीतरी गोल आणि योग्य मापाचं घालून कापड ताणायचं, गोंद लावायचा, नवी पट्टी बसवायची, चोवीस तास हात लावायचा नाही. योग्य मापाचं गोल म्हणजे आमचं दूध तापवायचं पातेलं निघालं. त्या दिवशी घरात चहा मायक्रोवेव्हमध्ये झाला. एक सुरकुती राहिली होती, तिथून हवा फुसफुसत होती, तिथे पुन्हा गोंद भरला. मग बाथटबमध्ये सूट घालून झोपलो. कोरडा. या सूटवर पैसे देऊन जे मिळालं त्यापेक्षा या पातेल्याच्या कामाचा आनंद मला जास्त झाला, हे दुकानाला सांगू नका.

आता शनिवारी तेल बंद, रविवारी मासेमारीनंतर. आईला कारण सांगितलं, ती म्हणाली, मग मासे शनिवारी पकड. शिवाय डोकं घालताना आधी प्लॅस्टिकची पिशवी घालतो, पट्टी सरकन उतरते, कानही दुमडत नाहीत, मग पिशवी वरून ओढून काढायची. पिशवी डोक्यावर असताना घाई नको आणि ती विसरू तर मुळीच नका. इथे दुकानांतून पातळ पिशव्या बंद झाल्या आहेत, पण आमच्याकडे डोंबिवलीहून आलेली पिशव्यांची पिशवी आहे. वापरानंतर सूट गोड्या पाण्याने धुतो, सावलीत वाळवतो, पट्ट्यांना साधी टाल्कम पावडर.

हंगामाचा हिशेब, कारण बायकोने विचारलाच : अकरा फेऱ्या, पाच वाइल्ड सोडले, एक सील या समुद्री प्राण्याने दोरीवरून नेला, डोकं माझ्याकडे ठेवून, बारक्यांची मोजदाद नाही, आणि घरी आले तीन. ६७२ भागिले तीन, एक मासा २२४ डॉलरला. लायसन्स आणि पेट्रोल धरलेलं नाही. तिसऱ्या माशाचं आमसूल आणि तिरफळ घालून केलेलं तिखलं तिने दोनदा वाढून घेतलं आणि पुढचा आकडा विचारला नाही. चरबीमुळे रस्स्यावर केशरी तवंग येतो, बांगड्यापेक्षा दाट. फोडणीला तेल निम्मं पुरतं.

मनगटांच्या पट्ट्या अजून मूळच्याच आहेत. त्यांना तेल लागलेलं नाही, ठणठणीत आहेत, म्हणजे रबर वाईट नव्हतं. उरलेल्या गोंदाची नळी उघडी राहिली तर कडक होते, म्हणून ती फ्रीझरमध्ये माशांच्या तुकड्यांशेजारी ठेवलीय. बायकोने तिच्यावर जाड मार्करने लिहिलंय : खायचं नाही, केसांना लावायचं नाही.