मडगावात लेझी आयसाठी मेंदूला करंट, 10 सेशन – 5 पैकी 2.5 स्टार

माझा डावा डोळा लहानपणापासून लेझी, म्हणजे त्याने नीट दिसत नाही, पण नववीत शाळेत तपासणी झाली तेव्हा कळलं आणि तेव्हा डॉक्टर म्हणाले की पट्टी बांधायचं वय गेलं. आता मी 42 ची, फोंड्याला शिवणकाम करते, सुईत दोरा ओवताना सुई एकीकडे नि दोरा भलतीकडे, खोलीचा अंदाजच येत नाही. तर भावोजींनी मडगावच्या एका क्लिनिकची जाहिरात पाठवली, ऑपरेशन नाही, गोळ्या नाहीत, मेंदूला हलका करंट देऊन लेझी आय बरा. नाव घेत नाही, उगाच भांडण नको.

10 सेशनचे 18,000. डोक्याच्या मागे, मानेच्या वर हाडाचा उंचवटा असतो त्याच्या जरा वर, मिठाच्या पाण्यात भिजवलेला स्पंज लावतात, दुसरा टाळूवर, आणि 20 मिनिटं 2 मिलिअँपिअर करंट. पहिल्या मिनिटाला मुंग्या चावल्यासारखं होतं, मग खाजतं, मग काही कळत नाही. चांगला डोळा झाकून टॅबवर गेम खेळायचा. करंट लावणारी पोरगी खूप गोड, रोज "बाये, बस मगो" म्हणायची, तिला पाच स्टार. केस मात्र ओलेच घेऊन कदंबाच्या बसने घरी, हे आधी कोणी सांगत नाही.

यामागचा विचार खोटा नाही हं. लेझी आयमध्ये डोळा धडधाकट असतो, मेंदूने त्याचं ऐकणं सोडलेलं असतं, चांगला डोळा त्याला दाबून टाकतो. ती दाबादाबी थोडी सैल करायची, अशी आयडिया. 2008 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या लोकांनी मोठ्या माणसांच्या मेंदूवर चुंबकाचे झटके देऊन आळशी डोळ्याला फिकट रेघा जरा बऱ्या दिसतात हे दाखवलं, पण थोड्या वेळापुरतं. 2013 मध्ये पाच दिवस रोज दिल्यावर फरक 78 दिवसांपर्यंत टिकला, तोही मोजक्याच लोकांत.

आणि इथेच मला राग आला. क्लिनिकच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात "78 दिवस परिणाम" लिहिलंय, अहो पण तो चुंबकाचा प्रयोग, तुम्ही लावता वायर आणि स्पंज! दोन्ही वेगळ्या गोष्टी. वर "चष्मा जाईल" म्हणे. नंबर डोळ्यात असतो, तो करंटने कसा जाणार?

दुसरी गंमत अशी की रोज तोच तक्ता, तीच अक्षरं. सहाव्या दिवसापर्यंत मला ती ओळ पाठ झाली होती, डोळा मिटूनही म्हटली असती, आणि कंप्युटरवर ग्राफ मस्त वर चाललेला. मी सांगितलं तर क्लिनिकवाले हसले. शेवटी आमच्या जुन्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेगळ्या तक्त्यावर तपासून घेतलं: आधी 6/24 होतं, आता 6/18. म्हणजे एक ओळ खरंच सुधारली, किती करंटने आणि किती टॅबवर झाकपट्टी खेळून ते डॉक्टरांनाही सांगता येईना. ते चित्रातली माशी वर उचललेली दिसते ना, ती खोलीच्या अंदाजाची टेस्ट मात्र माझी अजून फेल, माशी कागदालाच चिकटलेली.

डॉक्टरांनी अजून एक सांगितलं जे क्लिनिकने सांगायला हवं होतं: मोठ्या माणसांत ही दाबादाबी फारच सैल झाली तर एकाची दोन दिसायला लागू शकतात. मला झालं नाही. फिट येत असेल, डोक्यात धातू असेल, पेसमेकर असेल तर आधी विचारा, मला कोणीच विचारलं नाही, फॉर्मवर नुसती सही घेतली. अडीच स्टार कापले ते त्यासाठी.

जायचंच असेल तर आधी स्वतःच्या डॉक्टरांकडून तपासणीचा कागद घ्या आणि दर वेळी तक्ता बदला म्हणून सांगा. पुढच्या पॅकेजसाठी त्यांचे फोन सारखे येतात, मी उचलत नाही. सुईला सध्या दोरा ओवायचं यंत्र घेतलंय.