बोक्याच्या मुतावर एन्झाइम क्लीनर: दहा महिने वापरून झाल्यावर

जेवत असाल तर हे नंतर वाचा.

घर डोंबिवलीला, वन बीएचके, तिसरा मजला. माणसं चार, मी, हे, मुलगा आणि सासूबाई, आणि एक बोका, गोट्या. पार्किंगमध्ये मुलगा गोट्या खेळत होता तेव्हा हा येऊन पायात घुटमळायला लागला म्हणून मुलानेच नाव ठेवलं, पुढे त्याचं नसबंदीचं ऑपरेशन झाल्यावर त्या नावावरून घरात जे विनोद झाले ते इथे लिहीत नाही, समजून घ्या.

तर गेल्या वर्षी गणपतीत झालेली गोष्ट. आमचा दीड दिवसाचा. घरात कापूर, उदबत्ती, केवडा, मोदकाच्या सारणाचा वास, मला वाटतंय काय मस्त प्रसन्न वातावरण आहे. ह्यांच्या काकू आल्या, सोफ्यावर बसल्या आणि दोन मिनिटांत उठून प्लास्टिकच्या खुर्चीवर गेल्या, "सोफ्यात रुतलं की गुडघ्यामुळे उठता येत नाही गं." समोरच्या ब्लॉकमधले काका म्हणाले, तुमच्याकडे पण ड्रेनेजचा वास येतो का हो, सोसायटीला लेटर देऊया. मावसजावेने स्वतःच उठून खिडकी सताड उघडली आणि म्हणाली हवा छान येते नाही तुमच्याकडे, आणि मी येडी, म्हटलं हो ना, क्रॉस व्हेंटिलेशन आहे ना आम्हाला!

विसर्जनानंतर दोन दिवसांनी कामाला येणाऱ्या मावशी फरशी पुसता पुसता थांबल्या. "ताई, राग मानू नका, तुमचा बोका सोफ्यामागं मुततोय. मला पाऊस लागल्यापासनं वास येतोय. पण म्हटलं आपण बोललो तर म्हणाल कामवाली नाक मुरडते." म्हणजे जून ते सप्टेंबर एवढे सगळे आले गेले, चहा पिऊन गेले, आणि सांगितलं कुणी तर ज्यांना सांगायची सगळ्यात जास्त भीती होती त्यांनी. आपल्याकडे समोरच्याला ढेकर दिली तरी चालते, पण तुमच्या घरात वास येतोय हे सांगणं म्हणजे महापाप. आणि घरातल्यांना तो कळतच नाही, कारण तोच तोच वास सतत असला की नाक थोड्या वेळाने त्याची दखल घेणं सोडून देतं. गावाला चार दिवस जाऊन आलात की दार उघडल्या उघडल्या जो वास येतो ना, तो तुमच्या घराचा खरा वास, तेव्हाच नीट हुंगून घ्या.

आता क्लीनरकडे वळते, पण त्याआधी मी काय काय मूर्खपणा केला तेही सांगते. फिनेल ओतलं, नेहमीचं पाण्यात टाकल्यावर दुधासारखं होणारं. डॉक्टरांनी झापलं, मांजराच्या लिव्हरला फिनॉलसारख्या गोष्टी नीट पचवता येत नाहीत, ते पंजे चाटणार आणि ते सगळं पोटात जाणार, डेटॉलसुद्धा त्याच कारणाने नको. त्याच्या आधी एक दिवस ब्लीच पण टाकून झालं होतं, मुतावर ब्लीच पडलं की त्यातल्या अमोनियाशी रिअॅक्शन होऊन क्लोरामाइनचा वायू तयार होतो, तो छातीला वाईट, मी अर्धा तास खोकत होते आणि सासूबाई म्हणत होत्या आता मांजर राहू दे बाजूला, आधी तुलाच डॉक्टरकडे नेते.

मग मुलाने ऑनलाइन शोधून एन्झाइमवालं क्लीनर मागवलं, ५०० मिलीला साडेपाचशे रुपये. नाव लिहीत नाही कारण मी एकच ब्रँड वापरलाय, दुसऱ्याशी तुलना करता येणार नाही. महाग वाटलं, पण फंडा समजल्यावर पटलं. मुतातल्या युरियाचे बॅक्टेरिया तुकडे करतात, त्यातून अमोनिया, तो झोंबरा वास. तो पुसून जातो. पण युरिक अॅसिड पाण्यात फारसं विरघळतच नाही, त्याचे खडे फोममध्ये, टाइल्सच्या फटीत, प्लायवुडमध्ये बसून राहतात आणि हवेत दमटपणा आला की पुन्हा वास मारतात. म्हणूनच मावशींना पाऊस लागल्यापासनं वास येत होता, मुतणं बहुतेक आधीपासूनच चालू असणार. शिवाय नसबंदी न झालेल्या बोक्याच्या मुतात गंधकाचा अंश असलेलं एक जास्तीचं द्रव्य असतं, तो जो खास उग्र बोक्याचा वास म्हणतो आपण तो त्याचा. एन्झाइम हे सगळं तोडतात, नुसता वर सेंट मारत नाहीत.

पण बाटलीवर लिहिलंय फवारा, १० मिनिटं थांबा, पुसून घ्या. हे साफ खोटं, निदान सोफ्यासाठी तरी. फरशीवर चालतं ते. फोममध्ये मूत जिथपर्यंत झिरपलंय तिथपर्यंत औषध गेलं पाहिजे, फवाऱ्याने वरचं कापड ओलं होतं फक्त. माझी पद्धत ही, आधी साध्या पाण्याने ओलं करून फडक्याने दाबून टिपायचं, साबण नाही, मग क्लीनर सरळ ओतायचं, वर प्लास्टिक टाकून रात्रभर ठेवायचं आणि मग पंख्याखाली वाळू द्यायचं. पहिले दोन दिवस वास आधीपेक्षा वाईट येतो, हे म्हणाले पैसे बुडाले, तिसऱ्या दिवशी कमी व्हायला लागला. सोफ्याला तीन वेळा करावं लागलं, दीड बाटली गेली. शू रॅकचं प्लायवुड मात्र गेलं ते गेलंच, फुगलं होतं, फेकून दिलं.

मुतलंय नेमकं कुठे ते शोधायला अल्ट्राव्हायोलेट टॉर्च पण घेतला, अडीचशेचा. लाइट बंद करून मारायचा, मूत पिवळसर हिरवट चमकतं. मी पहिल्या रात्री स्वयंपाकघरात मारला तर अख्खा ओटा चमकायला लागला, गॅसच्या मागची भिंत, मसाल्याचा डबा, मिक्सर, मला रडू यायचं बाकी होतं. सासूबाईंनी बोट फिरवून बघितलं, म्हणाल्या अगं हळद आहे ही. हळद पण चमकते म्हणे त्या लाइटमध्ये. आणि ह्यांचे बनियन निळे निळे चमकत होते, ते पावडरमधल्या सफेदीच्या केमिकलमुळे. तेव्हा टॉर्च घ्या, पण चमकलं की आधी वाकून वास घ्या, मग बोक्याला शिव्या द्या.

एक गोष्ट क्लीनरवाले सांगत नाहीत, कारण का सांगतील. बोका सोफ्यामागे मुतत नव्हता, फवारत होता. उभं राहून, शेपटी ताठ करून थरथरवत, मागे थोडंसंच. तो हद्द आखत होता. खाली जिन्यात एक दुसरा काळा बोका यायचा, चपलांना बाहेरचे वास, म्हणून शू रॅक आणि दाराजवळचा सोफा. नवरात्रात ऑपरेशन करून घेतलं, डॉक्टर म्हणाले दहातले साधारण नऊ बोके नंतर थांबतात किंवा खूप कमी करतात, पण हार्मोन उतरायला काही आठवडे जातात. आमचा दिवाळीनंतर थांबला. म्हणजे ऑपरेशनशिवाय क्लीनर घेतलं असतं तर मी आजही ओततच बसले असते. आणि बोका वारंवार बसतोय, कुंथतोय, पण थेंबच पडतोय असं दिसलं तर क्लीनर बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा, बोक्यांची लघवी अडकते, त्यात जीव जातो.

लिटरचं, म्हणजे बोक्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये जे भरतात त्याचं, थोडक्यात. बेंटोनाइट मातीचं गठ्ठे छान धरतं, पण धूळ उडते आणि पायाबरोबर देवघरापर्यंत येतं, सासूबाईंचा त्याला विरोध. टोफूचं हलकं, धूळ नाही, पण पावसाळ्यात उघडी पिशवी ठेवलीत तर बुरशी. पाकिटावर फ्लश करा लिहिलंय, आमच्या जुन्या लाइनला मी तो प्रयोग करणार नाही, बाकीचे तीन मजले माझ्या नावाने शंख करतील. ट्रे संडासात ठेवलाय, आता सकाळी गोट्या आत असला की सासरे असते तर काय म्हणाले असते असं वाटतं, कारण हे बाहेर पेपर घेऊन उभे असतात, त्याचं उकरून झाकून होईपर्यंत.

शी रोज काढा. टॉक्सोप्लाझ्माचा, म्हणजे पोटातल्या बाळाला धोक्याचा असणारा, जंतू असलाच तर तो शी बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांत लागण करण्याजोगा होतो, नणंद पोटुशी होती तेव्हा तिला ट्रेच्या जवळ फिरकू दिलं नाही. आणि कागदात गुंडाळून, वेगळ्या पिशवीत, घंटागाडीवाल्याला तोंडाने सांगून द्या. मी आधी ओल्या कचऱ्यातच टाकायचे, एकदा त्याच्या हातात फुटलं. तोही काही बोलला नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मावशींचाही पगार वाढवलाय, त्यांनी मागितला नव्हता.

खरी परीक्षा जूनमध्ये. थंडीत आणि उन्हाळ्यात वास नव्हता, पण तेव्हा कुणाच्याच घरात नसतो. पहिला मोठा पाऊस झाला, दोन दिवस कपडे वाळेनात, तेव्हा मावशींना म्हटलं सोफ्यामागे नाक लावून खरं सांगा. त्या वाकल्या, हुंगलं, म्हणाल्या डावीकडं नाही, उजवीकडं खाली अजून जरासा. बरोबर, तिथे फाटलेल्या अस्तराच्या आत औषध गेलंच नव्हतं. परत ओतलं, पावसात वाळायला चार दिवस लागले, आता नाही येत म्हणाल्या.

दहा महिन्यांत चार बाटल्या संपल्या, पाचवी मागवलीय. पाचपैकी चार स्टार, एक त्या १० मिनिटांच्या थापेसाठी कापला. सप्टेंबरमध्ये काकू येतील, यावेळी दारातच विचारणार आहे, सोफ्यावर बसताय की खुर्ची आणू?